समाधान शिकावं लागतं

मैत्रिणींनो, दुपारी तीनची वेळ तुम्हांला कशी वाटते? जेवणे आटोपलेली, भांडी घासून पालथी घातलेली, ओटा पुसलेला, चहाला अजून तासभर अवकाश. खरे म्हणजे ही आपल्या विश्रांतीची वेळ. पण आयुष्यात काही दिवस असे येतात, की नेमकी हीच वेळ खायला उठते. पडावं तर डोळा लागत नाही. विणकाम हाती घ्यावं तर दोन ओळी घालून उसवावंसं वाटतं. घरात काही कमी असतं का? तसं काहीच कमी नसतं. मग झालंय तरी काय, असं कुणी विचारलं तर सांगता येत नाही.

माझ्या आयुष्यात अशी एक दुपार आली आणि चार वर्षे हललीच नाही. तिच्याबद्दल आज लिहिते आहे. मी ख्रिस्ती आहे, त्यामुळे माझ्या लिहिण्यात प्रार्थना, चर्च, पवित्र शास्त्र हे सगळे येणार. तुमच्या घरी त्या जागी हरिपाठ असेल, गुरुवारची आरती असेल, नमाज असेल. पण दुपारचे तीन सगळ्यांच्याच घड्याळात वाजतात, नाही का?

गोष्ट १९९३ सालची. आम्ही सोलापूरला होतो. हे टपाल खात्यात आणि मी एका शाळेत शिक्षिका. अकरा वर्षे नोकरी झालेली. चौथीचा वर्ग माझ्याकडे असे आणि तो माझा जीव की प्राण होता. त्या वर्षी पावसाळ्यात नगरला सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. (नगर म्हणजे अहमदनगर. २०२४ मध्ये त्याचे अहिल्यानगर झाले, पण आमच्या तोंडी अजून नगरच आहे.) सासूबाईंची उजवी बाजू गेली आणि वाचाही जवळजवळ गेली. यांनी बदली मागितली, ती मिळाली. माझ्या नोकरीत तशी सोय नव्हती. मी राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी मुलांनी शेवंतीची फुले आणली, ती मी हसत हसत घेतली. पर्समध्ये एक खडूचा तुकडा राहून गेला होता, तो मात्र मी कितीतरी महिने टाकला नाही.

माझे मोठे दीर आणि जाऊबाई मुंबईला. जाऊबाई इस्पितळात नर्स. आमच्या समाजात त्या पिढीच्या नोकरी करणाऱ्या बायका बहुधा शिक्षिका, नाहीतर नर्स. त्या दर महिन्याला सासूबाईंच्या औषधपाण्यासाठी तीनशे रुपयांची मनीऑर्डर पाठवीत. मनीऑर्डरच्या कूपनावर तेव्हा चार शब्द लिहायला जागा असे. ती जागा दर महिन्याला कोरी असे. ‘आई कशा आहेत’ एवढेसुद्धा नाही. हे ते कूपन माझ्या हातात देत आणि मी ते डब्यात ठेवून देई. एखाद्याने पावत्या जपून ठेवाव्यात, तशी.

मला कशाचा राग येतो, असे तेव्हा कुणी विचारले असते, तर ‘छे, कशाचाच नाही’ असेच मी म्हटले असते. ख्रिस्ती बाईने सेवा आनंदाने करायची असते ना! पण घरातली फळी माझी बेचैनी बरोबर ओळखत होती. वर्षात तीन वेळा मी स्वयंपाकघर नव्याने लावले. हप्त्याने शिलाईचे मशीन घेतले आणि दोन परकर शिवून त्यावर चादर टाकली. जवळच्या शाळेची घंटा सकाळी वाजली की हातातले काम टाकून मी खिडकीशी जाई. मुलगी नऊ वर्षांची होती. तिच्या वहीत एक वेलांटी चुकली तरी मी तिच्यावर असा काही आवाज चढवी, की ती बिचारी आईऐवजी बाबांकडून अभ्यास घ्यायला लागली.

संध्याकाळी आमच्या घरात कौटुंबिक प्रार्थना होते. मी तोंडाने छान प्रार्थना करी आणि मनात उद्याची भाजी ठरवी. रविवारी चर्चमध्ये ‘कशा आहात?’ म्हटले की ‘प्रभूची कृपा’ हे उत्तर तयार. आणि आता एक लाजिरवाणी गोष्ट सांगते. आमच्या भगिनी मंडळात दर आठवड्याला प्रार्थनेचे विषय विचारतात. कुणी मुलाच्या परीक्षेसाठी, कुणी नवऱ्याच्या तब्येतीसाठी सांगतात. मी हळू आवाजात म्हणे, ‘माझ्या जाऊबाईंसाठी प्रार्थना करा. देवाने त्यांचे मन मऊ करावे.’ सगळ्याजणी माना हलवीत, चुकचुकत. मैत्रिणींनो, चहाडी चहाडीच असते. मी तिला प्रार्थनेचा पदर पांघरला होता, इतकेच.

१९९७ च्या जानेवारीतली गोष्ट. मी सासूबाईंना पेज भरवत होते. घास गिळता येईना, पेज ओठांतून गळून स्वच्छ बदललेल्या साडीवर सांडली. त्या दिवशी ती तिसरी साडी होती. मी ओरडले. काय ओरडले ते लिहिणार नाही. सासूबाई चांगल्या असलेल्या डाव्या हाताने ती पेज पुसायचा प्रयत्न करू लागल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. दार उघडे होते. दारात आमच्या पाळकबाई उभ्या होत्या.

मला वाटले, आता वचन ऐकावे लागणार. त्यांनी माझ्या हातातली वाटी घेतली आणि विचारले, ‘तुम्ही जेवलात का?’ मी जेवले नव्हते. ‘दोन घास खा आणि जाऊन झोपा. मी आईंपाशी बसते. पाचला उठवते तुम्हांला.’ बरं का, गेल्या कित्येक महिन्यांत मला ‘झोप’ असे कुणी म्हटलेच नव्हते! मी मेल्यासारखी झोपले. उठले तेव्हा चहा तयार होता.

चहा घेताना पाळकबाई म्हणाल्या, ‘एलीया संदेष्टा आठवतो ना? केवढा मोठा माणूस! पण तोसुद्धा एकदा रानात एका झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागायला लागला. देवाने त्याला काय पाठवलं सांगा.’ मला चटकन आठवेना. त्यांनीच सांगितले. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे. एलीया जेवला आणि पुन्हा झोपला. दूताने त्याला उठवून पुन्हा खाऊ घातले. देवाचे त्याच्याशी बोलणे झाले ते पुढे चाळीस दिवसांनी, डोंगरावर. ‘आधी भाकरी आणि झोप, मग बोलणं,’ पाळकबाई म्हणाल्या. ‘आपण बायका याच्या उलट करतो. उपाशीपोटी, अपुऱ्या झोपेत स्वतःला उपदेश करत बसतो.’

त्या आठवड्यापासून दर बुधवारी दुपारी मंडळीतली कुणी ना कुणी बाई दोन तास सासूबाईंपाशी येऊन बसू लागली. माझी बेचैनी त्याने गेली नाही. पण ती काय आहे हे बघण्याइतके डोके ताळ्यावर आले.

मग आला उपवासकाळ. ईस्टरच्या आधीचे ते चाळीस दिवस. पाळकबाईंनी माझ्या गळ्यात एक काम घातले. भगिनी मंडळात समाधान या विषयावर बोलायचे. पौलाच्या फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राचा चौथा अध्याय घ्यायचा. मी म्हटले, ‘अहो, माझ्यापाशी कुठलं समाधान? दुसऱ्या कुणाला सांगा.’ त्या म्हणाल्या, ‘तुम्हीच बोला. निदान खोटं तरी बोलणार नाही.’

तयारीसाठी मी सासूबाईंचे पवित्र शास्त्र काढले. त्या लहानपणी दौंडजवळच्या केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये शिकलेल्या. त्यांच्याकडे रमाबाईंनी भाषांतर केलेले शास्त्र होते. रमाबाईंनी आयुष्याची अखेरची कित्येक वर्षे या कामाला दिली. खेड्यातल्या साध्या बाईला समजावे अशा मराठीत, मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून त्यांनी ते केले. १९२२ मध्ये त्या वारल्या. एवढा दुष्काळ, एवढे मृत्यू पाहिलेली ती बाई शेवटपर्यंत शब्द निवडत बसली होती. त्या जुन्या पानांवर सासूबाईंनी पेन्सिलीने बारीक बारीक खुणा केलेल्या होत्या.

समाधानाची ती ओळ मला पाठ होती. लहानपणापासून रविवारच्या शाळेत म्हटलेली. पण त्या दिवशी पहिल्यांदाच एक शब्द नजरेत भरला. असेल त्या स्थितीत समाधानी राहायला आपण शिकलो आहोत, असे पौल म्हणतो. शिकलो! मी शिक्षिका. शिकणे म्हणजे काय ते मला कळते. जे शिकावे लागते ते आधी येत नसते. ते चुकत चुकत येते. पाटीवर काढून, पुसून, पुन्हा काढून येते. मी इतकी वर्षे समाधान म्हणजे एक देणगी समजत होते. ज्यांना मिळाली ते भाग्यवान, मला मिळाली नाही म्हणून मी कमी विश्वासाची. चौथीतल्या पोराला भागाकार येत नाही म्हणून मी कधी त्याला पापी म्हटले होते का?

आणि हे लिहिणारा पौल कुठे होता? तुरुंगात. बहुतेकांच्या मते रोममध्ये, इसवी सन ६० च्या सुमारास. आमच्या पाळकसाहेबांनी मला आणखी एक गोष्ट समजावून दिली. तिथे जो मूळ ग्रीक शब्द आहे, तो त्या काळचे स्टोइक तत्त्वज्ञ वापरीत. त्याचा अर्थ, ज्याला दुसऱ्या कशाची गरज नाही असा स्वयंपूर्ण माणूस. पौलाने शब्द तोच घेतला, पण आपले बळ आपले नाही, ख्रिस्ताकडून येते, असे लगेच पुढे लिहिले. आणि पत्रात मदत पाठवल्याबद्दल त्या मंडळीचे आभारही मानले. मला तर हे फार आवडले. ‘मला काही नको’ असा ताठा त्यात नाही. मिळालेल्या शिदोरीबद्दल तो मोकळेपणाने ‘बरं केलंत’ म्हणतो.

ही फिलिप्पैची मंडळी सुरू कशी झाली, तेही मजेशीर आहे. फिलिप्पै हे मासेदोनियातले शहर, आजच्या ग्रीसच्या उत्तर भागात. पौल तिथे गेला तेव्हा नदीकाठी प्रार्थनेला काही बायका जमल्या होत्या. त्यांत लुदिया नावाची जांभळी वस्त्रे विकणारी एक बाई होती. तिने ऐकले, बाप्तिस्मा घेतला आणि पौलाला आग्रहाने आपल्या घरी उतरवून घेतले. म्हणजे समाधानाबद्दलचे हे पत्र ज्या मंडळीला गेले, तिची सुरुवात बायकांच्या एका बैठकीत झाली होती. जवळजवळ आपले भगिनी मंडळच म्हणा ना!

इथवर सगळे छान चालले होते. भाषणापुरते झाले असे म्हणून मी शास्त्र मिटणार, तोच अध्यायाच्या सुरुवातीच्या ओळींवर नजर गेली. तिथे दोन बायकांची नावे आहेत. युवदीया आणि सुंतुखे. दोघी मंडळीत काम करणाऱ्या, पौलाच्या बरोबरीने कष्ट केलेल्या. पण त्यांचे आपसांत पटत नव्हते. पौल दोघींना वेगवेगळी विनंती करतो, की प्रभूमध्ये एकचित्त व्हा. भांडण कशावरून होते, कोणाची चूक होती, याबद्दल एक अक्षर नाही. आणि दुसऱ्या एका सोबत्याला तो सांगतो, या दोघींना मदत कर.

काळजी करू नका हे त्याच्या नंतर येते. समाधानी राहायला शिकलो हे त्याच्याही नंतर. सगळे एकाच पानावर. मी सरळ शेवटच्या धड्यावर बोट ठेवले होते आणि पहिला धडा गाळला होता. मी उठून डबा काढला. त्यात त्रेचाळीस कूपने होती.

त्या रात्री मी जाऊबाईंना पत्र लिहिले. चार पाने. त्यात शास्त्रवचनेही घातली. पोस्टात टाकण्याआधी यांना वाचायला दिले. हे वाचून म्हणाले, ‘तिकीट कशाला फुकट घालवतेस? यात वहिनींनी काय काय केलं नाही ते सगळं आहे. ते त्यांना माहीत आहे. तुला काय हवंय ते कुठे लिहिलंयस?’ मला राग आला. पण खरेच, ते कुठेच नव्हते. मला हवे होते पंधरा दिवस. कुणीतरी पंधरा दिवस येऊन राहावे आणि मी रात्रभर सलग झोपावे. एवढेच मागायचे मला चार वर्षांत सुचले नव्हते. मागितले असते, तर राग कशाचा धरला असता?

दुसऱ्या दिवशी अंतर्देशीय पत्रावर लिहिले. ‘अक्का, मी फार थकले आहे. मे महिन्यात पंधरा दिवस याल का? मी मंडळीतल्या बायकांपाशी तुमच्याबद्दल वाईट बोलले आहे. त्याची मला लाज वाटते. क्षमा करा.’ पत्र पेटीत टाकले आणि घरी येईपर्यंत पश्चात्ताप झाला.

आता भगिनी मंडळात काय बोलायचे? जे झाले ते सांगायचे की गुळगुळीत बोलून वेळ मारून न्यायची? तेव्हा मला लक्ष्मीबाई टिळकांची आठवण झाली. त्या याच नगरमध्ये राहिलेल्या. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. त्यानंतरची वर्षे त्यांनी तळमळून काढली आणि १९०० साली स्वतः विचार करून, आपल्या पायांनी चालत त्या ख्रिस्ती झाल्या. पुढे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिले, १९३४ पासून ते चार भागांत आले. शाळेचे शिक्षण नाही म्हणावे इतकेच, पण काय लिहिले आहे! आपला राग, आपला हेका, नवऱ्याशी झालेली भांडणे, काही लपवले नाही. एवढ्या बाईला आपले उणे सांगायला लाज वाटली नाही, तर मला कसली वाटते?

मी उभी राहिले आणि सांगितले. ‘माझ्या जाऊबाईंचे मन मऊ व्हावे म्हणून तुमच्याकडून मी प्रार्थना करवून घेतल्या. त्या परत घेते. माझ्यासाठी करा.’ बोलताना पाय लटपटत होते. पाठीमागे कुणीतरी रडत होते. नंतर दोन बायका मला एकीकडे घेऊन आपापल्या युवदीयेबद्दल बोलल्या.

जाऊबाईंचे पत्र आले नाही. एक आठवडा, दोन, तीन. मला वाटले, संपले. मग एप्रिलची मनीऑर्डर आली. हे घरी आले ते हसतच. कूपन माझ्यापुढे धरले. त्या कोऱ्या जागेत पहिल्यांदाच एक ओळ होती. ‘पाच मेला रात्रीच्या गाडीने निघते.’

जाऊबाई आल्या. पदर खोचून पहिल्याच दिवशी त्यांनी सासूबाईंचे अंथरूण तपासले. पाठीला फोड आला होता, तो मला दिसलाच नव्हता. त्यांनी मला रागावून न बोलता एकेक दाखवले. घरी कुणाचे आजारपण असेल तर तुम्हांलाही उपयोगी पडेल म्हणून लिहिते. माणूस अंथरुणाला खिळले की दर दोन तासांनी कूस बदलायची. चादरीला सुरकुती राहू द्यायची नाही. पोटऱ्यांखाली उशी द्यायची, म्हणजे टाचा अंथरुणाला टेकत नाहीत. भरवताना पाठीला टेकू देऊन नीट बसवायचे आणि घास तोंडाच्या चांगल्या बाजूने द्यायचा. अशा माणसाला पातळ पदार्थ गिळणे जड जाते, म्हणून घट्टसर, मऊ करून द्यायचे. पेज! ज्या पेजेवरून मी त्या म्हातारीवर ओरडले होते, ती पेजच चुकीची होती.

संध्याकाळी प्रार्थनेच्या वेळी जाऊबाईंनी टिळकांचे एक गीत सुरू केले. टिळकांची गीते मराठी चर्चमध्ये आजही गातात. दुसऱ्या ओळीला सासूबाईंचा आवाज आला. शब्दांसह! ज्या बाईला चार वर्षांत ‘पाणी’ म्हणता आले नव्हते, ती गाऊ लागली. मी थक्क झाले. जाऊबाई म्हणाल्या, ‘अगं, असं होतं. झटक्यात बोलणं गेलं तरी कितीतरी जणांचं गाणं शिल्लक राहतं. तू कधी त्यांच्याबरोबर गायलीस का?’ मी त्या घरात चार वर्षे गायलेच नव्हते.

रात्री आम्ही दोघी गच्चीवर अंथरूण टाकून पडलो. मी क्षमेचा विषय काढला. जाऊबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘तू मला काय म्हणाली होतीस, आठवतं का?’ मला आठवेना. ‘आईंना झटका आला तेव्हा इस्पितळात मी म्हटलं, मी त्यांना मुंबईला नेते. तू चार माणसांत म्हणालीस, अक्का, तुमच्या त्या दोन खोल्यांत आईंची खाट कुठे टाकणार, जिन्यात का? मग मी कोणत्या तोंडानं यायचं? आणि कूपनावर तरी काय लिहायचं? जे लिहीन त्याचा तू वाकडाच अर्थ लावला असतास.’

मैत्रिणींनो, मला ते एकदम आठवले. अक्षर न् अक्षर. त्यांचा अपराध मी त्रेचाळीस कूपनांसह जपून ठेवला होता आणि माझा स्वतःचा साफ विसरून गेले होते. आम्ही दोघी खूप रडलो आणि मग उकाड्याने झोप येईना म्हणून खाली जाऊन पन्हे केले.

त्यानंतर दरवर्षी मे महिन्यात जाऊबाई येत राहिल्या. २००१ साली सासूबाई गेल्या तेव्हा आम्ही दोघी त्यांच्या दोन बाजूंना होतो.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे तेव्हापासून तुम्ही समाधानी झालात. नाही हो! माझी नोकरी काही परत मिळाली नाही. चौथीचा वर्ग अजून स्वप्नात येतो. घरी चार मुलांची शिकवणी घेतली, ती बरी वाटली, पण ती शाळा नव्हे. त्या दुःखाला मी आता दुःख म्हणते, देवाची इच्छा म्हणून झाकून ठेवत नाही. पुढे मुलगी लग्न होऊन गेली, तेव्हा दुपारचे तीन पुन्हा वाजायला लागले. हे सेवानिवृत्त होऊन दिवसभर घरात बसले, तेव्हा तर सकाळचे दहासुद्धा वाजायला लागले! २०२० मध्ये ईस्टरला चर्चची दारे बंद होती. आम्ही दोघांनीच बैठकीत बसून उपासना केली, आणि माझा आवाज मला परका वाटला. प्रत्येक वेळी मला पहिल्यापासून शिकावे लागले. चुलीवर भाकरी येणाऱ्या बाईला गॅसवर पुन्हा हात बसवावा लागतो, तसेच. पीठ तेच, हात तोच, आच वेगळी.

पण शिकायचे कसे, ते आता ठाऊक झाले आहे. बेचैनी आली की मी आधी बघते, झोप झाली आहे का, जेवण वेळेवर आहे का. मग विचारते, मनात कुणाची कूपने साठवली आहेत का. आणि मग देवापुढे बसून नेमके काय हवे ते साध्या शब्दांत मागते. मिळतेच असे नाही. पण मागितल्यावर मन मोकळे होते, आणि त्याच्या हाती दिले म्हणून रात्री झोप लागते.

एक गोष्ट मात्र बजावून सांगते. समाधान म्हणजे अन्याय गिळणे नव्हे. त्याच फिलिप्पै शहरात पौल आणि सीला यांना फटके मारून तुरुंगात टाकले होते. मध्यरात्री ते दोघे तिथे गीते गात होते हे सगळे सांगतात. पण सकाळी काय झाले ते फारसे कुणी सांगत नाही. अधिकाऱ्यांनी गुपचूप निघून जायला सांगितले, तेव्हा पौल अडून बसला. आम्ही रोमन नागरिक, आम्हांला चौकशीवाचून चारचौघांत मारले, आता त्यांनी स्वतः येऊन आम्हांला बाहेर न्यावे. आणि अधिकाऱ्यांना यावे लागले. घरात मारहाण होत असेल, कुणी हक्काचे हिरावून घेत असेल, तर तिथे ‘समाधानी राहा’ म्हणणाऱ्यांना हा अध्याय दाखवा. प्रेषितांची कृत्ये, सोळावा.

जाऊबाई आता पंच्याहत्तरीच्या पुढे गेल्या आहेत. मुंबईची ती दोन खोल्यांची जागा अजून आहे. दर रविवारी उपासनेनंतर त्यांचा फोन येतो. या नाताळला त्या आमच्याकडे होत्या. करंज्यांच्या सारणात मी खोबरे जास्त घातले असे त्यांचे म्हणणे, आणि त्यांनी रवा कमी भाजला असे माझे. वाद अजून मिटलेला नाही. करंज्या मात्र संपल्या.